पायाचे पैसे

दिघी, पुणे

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

परवा तू तावातावाने बोलत होतास आणि मी फोन ठेवला. रागाने नाही, पाहुणे बसले होते. तुझं म्हणणं एवढंच ना, की पाय अण्णांचा गेला, मग त्या पैशात आईचा वाटा कसला?

माझ्या लष्करी पेन्शनीचे दोन भाग. सर्व्हिस एलिमेंट नोकरीचा, डिसॅबिलिटी एलिमेंट पायाचा. मेडिकल बोर्डाने ७० टक्के अपंगत्व लिहिलं, नियमाने ते ७५ धरतात. पूर्ण १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणून माझ्या वाट्याला साडेबावीस. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आईच्या पोटगीसाठी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं, तेव्हा वकील म्हणाले, "हवालदारसाहेब, पायाचा आकडा वगळा. १८७१ चा पेन्शन कायदा आहे, कलम ११." मी ते कलम वाचून घेतलं. सावकाराने पेन्शन जप्त करू नये म्हणून ते आहे. तुझी आई माझी सावकार कधी झाली? दोन्ही आकडे लिहिले आणि सही केली.

आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून नवा पाय लावून आलो ते दिवस तुला आठवणार नाहीत, फार लहान होतास. संध्याकाळी पाय उतरवला की स्टंप, म्हणजे उरलेला थोटा पाय, लालबुंद. तुझी आई पाटावर बसून क्रेप बँडेज आठाच्या आकड्यात गुंडाळायची, टोकाला घट्ट, वर सैल. मी ओरडायचो, शिव्याही द्यायचो. तिचा हात थांबायचा नाही. बँडेज वर्षभराने सुटलं, स्टंपचे मोजे मात्र तिने चौदा वर्षं धुतले. मोजा दमट राहिला तर कातडी सोलते, म्हणून पावसाळ्यात इस्त्री फिरवून वाळवायची. आता मी दोरीवर टाकतो आणि विसरतो. गेल्या श्रावणात आठ दिवस कुबड्यांवर होतो, तुला कळवलं नाही.

आमचं का बिनसलं ते विचारू नकोस. चूक दोघांची, माझी जास्त. कॅन्टीनच्या रमचं तुला माहीतच आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तू येशील, तेव्हा आधी हडपसरला उतर. तिचं ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड माझ्या पेटीत राहिलंय, ते कुरिअरने पाठवतोय, तू नेऊन दे. तिचे गुडघे धरलेत म्हणे. मी गेलो तर दार उघडेल, पण चहा विचारणार नाही.

तुझा,
अण्णा