तुझ्या टीममधल्या त्या मुलाबद्दल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास ना, टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने स्वतःहून सांगितलं की तो ऑटिस्टिक आहे, आणि तुला काय बोलावं सुचेना म्हणून "अच्छा, चालेल की" म्हणून तू विषय संपवलास. तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून आता लिहितोय, लांबलं तर सांभाळून घे.

आधी एक, "पण बघून वाटत नाही रे" हे त्याला चुकूनही म्हणू नको. माझ्या लेकीबद्दल हे ऐकून ऐकून कान किटले. वाटत नाही कारण ती दिवसभर शाळेत चारचौघांसारखं वागायचा आटापिटा करते, डोळ्यात बघायचं, हात झटकायचे नाहीत, सगळे हसले की आपणही हसायचं. मास्किंग म्हणतात त्याला. मग घरी आली की दप्तर टाकायचं आणि थेट पलंगाखाली, तासभर. सुरुवातीला आम्ही तिला ओढून बाहेर काढायचो, "काय झालं, बोल ना, सांग ना" चालूच, आणि ती किंचाळत सुटायची, आठवलं की लाज वाटते. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे रे, तेव्हा तिला ऐकूच जात नसतं. आता दिवा बंद करतो, पाण्याची बाटली सरकवतो आणि गप्प जमिनीवर बसून राहतो. बाहेर आपली आपण येते.

आणि ती ट्यूबलाइट! सारखी म्हणायची "ट्यूब बोलते", आम्ही हसायचो. एका रात्री पंखा, फ्रिज सगळं बंद करून स्टूलवर चढून कान लावला, तर खरंच चोकची बारीक गुणगुण. म्हणजे इतके महिने ती खरं बोलत होती आणि वेड्यात आम्ही तिला काढत होतो. आवाज, उजेड, स्पर्श असा जास्त किंवा कमी जाणवणं हे 2013 च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारवाले निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, ऑटिझमच्या निकषांतच घातलंय, अ‍ॅस्पर्गर हे ऑटिझमच्या जवळचं पण वेगळं निदानही तेव्हाच जाऊन सगळं ऑटिझमच्या एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे एकाच पट्ट्यात आलं. त्यामुळे तो मुलगा मीटिंगमध्ये हेडफोन लावून बसला तर माज समजू नको, त्याशिवाय कदाचित त्याला तुझं बोलणं ऐकूच येत नसेल.

आता ऑफिसचं. तुझी ती "जमेल तसं बघ", "लवकर दे", "थोडं नीट कर" ही भाषा बंद कर बाबा. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने ओळखायचं ही आपल्या सगळ्यांचीच खोड, आणि नाही ओळखलं की त्यालाच समज नाही म्हणून मोकळे. 2012 मध्ये डेमियन मिल्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने, तो स्वतःही ऑटिस्टिक आहे, हेच मांडलं, त्याला डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हणतात, म्हणजे न कळणं दोन्हीकडून असतं, आपल्यालाही त्यांचं कळत नाही, फक्त आपण संख्येने जास्त म्हणून दोष त्यांच्या खात्यावर. मला तर हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. तेव्हा काम लिहून दे, काय हवं, कधीपर्यंत, दोन कामं असली तर आधी कुठलं. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठव. जागा किंवा वेळ बदलणार असेल तर आधी सांग. मला विचारशील तर ह्यातलं निम्मं तुझ्या अख्ख्या टीमला हवंय, बोलत नाहीत इतकंच.

पण हे माझ्या लेकीवरून सांगतोय, त्याला वेगळंच काही लागत असेल, तिला घट्ट मिठी आवडते आणि दुसऱ्या एखाद्याला हात लावलेलाही सोसत नाही. म्हणून सरळ त्यालाच विचार, शक्यतो मेसेजवर म्हणजे विचार करून उत्तर देईल. आणि त्याला न विचारता टीममध्ये कुणाला सांगू नको, तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

घरच्यांचं काय सांगू. हिला अजून नातेवाइकांकडून ऐकावं लागतं की तुझं लक्ष कमी पडलं. आईच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात असं एकेकाळी डॉक्टरही म्हणायचे, बर्नार्ड रिमलँड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्येच पुस्तक लिहून ते खोडून काढलं, पण आमच्या मंडळींपर्यंत अजून पोचलं नाही वाटतं.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? किती वाजता येणार आणि किती वेळ थांबणार दोन्ही कळव, लेकीला आदल्या दिवशी सांगून ठेवतो. आणि बेल वाजवू नको, खाली आलास की मिस कॉल दे.

तुझाच