जीटी, प्लॅग आणि अकरा जिने

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलो होतो, मागून हॉर्न, पुढे बस, त्यामुळे हो हो करून ठेवून दिला. पण तुझं ते "पोरं मरतील रे" काही डोक्यातून जाईना. म्हणून आज रविवारचे पोहे हाणून बसलोय लिहायला. लांबणार आहे, चहा टाकून ये.

तर तुमच्या कॉलेजात प्लॅग चेकचं, म्हणजे प्लेजरिझम, दुसऱ्याचा मजकूर उचललाय का हे शोधणारं सॉफ्टवेअर आलंय, आणि फतवा निघालाय की प्रत्येक असाइनमेंट त्यातून काढायची आणि १० टक्क्यांच्या वर गेली की शून्य मार्क. आधी हे १० टक्के आले कुठून ते सांगतो, कारण मीटिंगमध्ये सगळे तो आकडा वेदवाक्यासारखा फेकतात आणि मूळ कागद कोणी वाचलेला नसतो. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं २०१८ चं रेग्युलेशन आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही नाही, १० ते ४० ला सुधारून परत द्या, त्याला जास्तीत जास्त सहा महिने, ४० ते ६० ला वर्षभर परत देता येत नाही, ६० च्या वर गेला तर रजिस्ट्रेशनच रद्द. पण हे सगळं थेसिस, डिझर्टेशन, पेपर असल्या गोष्टींना. त्याच रेग्युलेशनच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका यांना हे लागू नाही. प्रिन्सिपलसाहेबांना प्रिंट काढून दे आणि ती ओळ हायलायटरने पिवळी करून दे. म्हणजे असाइनमेंटचं काय करायचं हे तुझ्या हातात आहे, आणि तिथेच खरी मजा आहे.

तुला आपली जीटी आठवते ना? हल्लीच्या पोरांना ग्लास ट्रेसिंग म्हणजे काय हे सांगावं लागतं. होस्टेलच्या खोलीत दोन ट्रंकांवर काच, खाली टेबललॅम्प, वर एकाची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर दुसऱ्याची कोरी, रात्री दोनपर्यंत लाईन लागलेली. सबमिशनच्या दिवशी दोन खोल्यांच्या बंगल्याच्या अकरा शीट्स सरांच्या टेबलावर, आणि अकराही शीट्सवर जिन्याची एक पायरी गायब. सर काय म्हणाले आठव, "या अकरा घरांत वरच्या मजल्यावर कोणीच पोचणार नाही." ओरडले नाहीत, मार्कही कापले नाहीत, टेप दिली हातात आणि होस्टेलचा जिना मोजून आणायला लावला, रायझर (पायरीची उंची) किती, ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) किती, आणि मग तोच जिना काढायला लावला. मला आजही जिना चढताना रायझर मोजायची खोड आहे, बायको वैतागते. बंड्या, ते सर म्हणजे आपलं पहिलं प्लॅग चेक, आणि मी आता जे करतोय ते त्यांचंच उचललेलं आहे (बघ, सोर्स दिला).

मी एमटेकच्या पहिल्या वर्षाला रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतो हे तुला माहितीये. शिकवायला लागलो त्या वर्षी मीही तुमच्या प्रिन्सिपलसारखाच होतो, शेवटी रिपोर्ट काढायचा, आकडा बघायचा, फाईल परत फेकायची. पोरं काय शिकली? आकडा खाली कसा आणायचा ते. अप्पा बळवंत चौकाकडून येताना एका झेरॉक्सवाल्याच्या दारात बोर्ड बघितला, थेसिस टायपिंग, बाइंडिंग, लॅमिनेशन, प्लॅग रिमूव्हल. लॅमिनेशनच्या खालीच लिहिलं होतं, म्हणजे धंदा म्हणून तेवढाच साधा.

मग मी उलटं केलं. पहिल्याच तासाला माझ्या स्वतःच्या एमईच्या डिझर्टेशनचं दुसरं चॅप्टर सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि रिपोर्ट पडद्यावर लावला. ३८ टक्के! पोरं आधी हसली, मग गप्प. एक पॅरा तर असा निघाला की तो मी कुठून घेतला होता हेच मला आठवेना, आणि गंमत म्हणजे ज्या वेबसाईटशी तो जुळत होता तिथेही तो दुसरीकडूनच आला असणार. मग आम्ही एकेक रंगीत पट्टा घेऊन बसलो. हे काय, तर काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब, ७ आणि २८ दिवसांनी टेस्ट, हे जगात सगळे असंच लिहितात, सोड. हे काय, तर आयएस कोडची (भारतीय मानकाची) व्याख्या, ती बदलून लिहिलीस तर तूच चुकशील, सोड. हे काय, तर लिटरेचर रिव्ह्यूतल्या सलग सात ओळी, खाली नाव आहे पण अवतरणचिन्ह नाही, हां, हे माझं पाप. यंत्राला यातला फरक कळत नाही रे. ते शब्दांचे छोटे तुकडे पाडतं, त्यांचे ठसे आपल्या साठ्याशी जुळवतं आणि जुळले तिथे रंग लावतं, बास. चोरी आहे की नाही हे माणसानेच बघायचं. यूजीसीनेसुद्धा कायदे, प्रमाण समीकरणं, चिन्हं, आणि सर्वसाधारण ज्ञानातले सलग १४ शब्दांपर्यंत जुळणारे तुकडे वगळायलाच सांगितलेत.

आता मी ड्राफ्ट घेतो, फायनलच्या तीन आठवडे आधी, मार्क शून्य. रिपोर्ट पोरांच्या हातात देतो, पहिल्या पानावरचा टक्का मात्र स्टेपलरने कागद लावून झाकतो. हसू नकोस. टक्का दिसला की पुढची पानं कोणी उलटत नाही.

मागच्या सेमिस्टरची एक मुलगी सांगतो. परळीकडची, काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी थोडी फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातली कोळशाची राख) घालणे यावर सेमिनार. ४६ टक्के निघाले. कागद झाकलेला असूनही रंग बघून तिचं तोंड उतरलं. "सर, मी प्रत्येकाचं नाव दिलंय की खाली." आणि खरंच दिलं होतं, एकही सोडलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की नाव दिलं तरी वाक्य त्याचंच राहतं. शाळेपासून आपण काय करतो, फळ्यावरचं वहीत, वहीतलं पेपरात, जर्नल तर मागच्या बॅचचंच उतरवायचं आणि जितकं सुवाच्य तितकं "व्हेरी गुड". मग एमटेकला आल्यावर एकदम चोर म्हणायचं?

मी तिला लॅपटॉप बंद करायला लावला. म्हटलं, इंग्लिश सोड, फ्लाय अ‍ॅश म्हणजे काय मला सांग. ती जरा थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडं थर्मल आहे ना, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची ती. आई दोरीवरून काढताना आधी झटकायची." म्हटलं पुढे बोल. मग गाडी सुटली, सिमेंट पाण्यात मुरताना चुना मोकळा होतो, ही राख त्या चुन्याशी हळूहळू जुळते, म्हणून सात दिवसांना क्यूब कच्चा वाटतो आणि नंतर ताकद भरत जाते, म्हणून २८ ला न थांबता ५६ आणि ९० दिवसांचे आकडे बघायला पाहिजेत. बंड्या, हे शेवटचं तिच्या रिपोर्टमध्ये नव्हतंच! सात पेपरांमधून उतरवताना तिच्या डोक्यातलं कागदावर आलंच नव्हतं. ते मराठीत लिहून काढायला लावलं, मग त्याचं इंग्लिश तिनेच केलं, ग्रामर जरा वाकडं होतं पण राहू दिलं. दुसऱ्या वेळी किती टक्के आले हे मी खरंच बघितलं नाही. खोटं कशाला, बघितलं. १९.

आणि त्याच बॅचमध्ये एक पठ्ठ्या ३ टक्क्यांचा. माझी कॉलर ताठ, की वा काय पोरगं आहे. वाचायला घेतलं तर "रीइन्फोर्स्ड काँक्रीट"च्या जागी "फॉर्टिफाइड सॉलिड". शब्द बदलून देणाऱ्या टूलमधून काढलेलं होतं सगळं. हा प्रकार जगभर चालतो, २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या पेपरांमधून असले छळलेले शब्द गोळा केले, "ब्रेस्ट कॅन्सर"चं "बूझम पेरिल", "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस". आता मी हे वर्गात ४६ आणि ३ शेजारी ठेवून दाखवतो, नावं काढून, आणि विचारतो कोणाला पास करू. दर वेळी अर्धा तास भांडणं होतात. व्हायलाच पाहिजेत.

तुझ्या कामाचं एक सांगून ठेवतो नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. ड्राफ्ट टाकताना तो साठ्यात जमा होणार नाही असं सेटिंग कर. मी पहिल्यांदा विसरलो, तीन आठवड्यांनी फायनल टाकलं तर सगळी पोरं नव्वदीच्या घरात, कारण प्रत्येकजण स्वतःच्याच ड्राफ्टची चोरी करताना सापडला होता. एकीचा रात्री अकराला रडत फोन.

आणि मराठीतल्या कामावर भरवसा ठेवू नकोस. आमच्याकडे एका मराठी थेसिसचा रिपोर्ट शून्य टक्के आला, पेढे वाटायचेच बाकी होते, मग कळलं की टायपिंग जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होतं, म्हणजे आपल्याला दिसतं "समाज" आणि मशीनला दिसतो इंग्लिश अक्षरांचा काला. इंग्लिश पुस्तकातून सरळ भाषांतर करून मराठीत मांडलं तरी ते सहसा सुटतंच.

एआय डिटेक्टरचं विचारलं होतंस. त्याच्या नादी लागू नकोस. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिटेक्टर तपासले, तर इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेचे निबंध निम्म्याहून जास्त वेळा मशीनने लिहिलेले ठरले. साधे शब्द, साधी वाक्यं, म्हणून. आपली परळीची पोरगी त्यात पहिली अडकेल. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडचा डिटेक्टर बंदच केला. साम्य दाखवणाऱ्या रिपोर्टमध्ये निदान समोर मूळ पान तरी उघडून दाखवता येतं, इथे पोराला दाखवायला काहीच नसतं. मी फक्त बोलावून विचारतो, तोंडी. पाच मिनिटांत कळतं. साठ पोरं असली की जीव जातो हे मान्य, तुझ्याकडे तर ऐंशी आहेत, तू दहा-दहाच्या गटाने कर आणि एकमेकांचे रिपोर्ट एकमेकांना वाचायला लाव, ती आपल्यापेक्षा कडक असतात.

गणपतीत ये पुण्याला, तुमच्या असाइनमेंटचे प्रश्न घेऊन ये, बसून बदलू. "व्याख्या लिहा" विचारलं तर कॉपीच येणार ना. ती काच अजून माळ्यावर आहे, भंगारवाल्याला द्यायची म्हणून बायको दर दिवाळीत मागे लागते.

आणि एक, बरीच वर्षं विचारीन म्हणतोय. त्या पायरी गाळलेल्या बंगल्याची मूळ शीट नक्की कोणाची होती रे? मी तर तुझ्यावरून मारली होती. परवा ग्रुपवर विचारलं तर पक्या म्हणतो की तू त्याच्यावरून मारलीस आणि त्याने माझ्यावरून.

तुझा,
दिग्या

ता.क. वहिनींना नमस्कार सांग, आणि तो यूजीसीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवतोय, पिवळी ओळ तूच कर.