वाहनातील दोष व सर्व्हिसिंगविषयक तक्रारींबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गाडी सर्व्हिसिंगला देताना आपली तक्रार जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याची प्रत हातात पडल्याखेरीज चावी सोपवू नये. गेल्या महिन्यात मी ‘ब्रेक दाबताना गाडी डावीकडे ओढते’ असे सांगितले असता कार्डावर नुसते ‘जनरल चेकअप’ लिहिले गेले. बिलात मात्र नवे ब्रेक पॅड लागले आणि जुने मागितल्यावर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. बदललेले सुटे भाग परत हवेत, हेही त्यामुळे आधीच लिहून द्यावे.

दोष मुळातच कारखान्यातला असल्यास प्रकरण वेगळे होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. आपली गाडी अशा रिकॉलमध्ये आहे का, हे चासी क्रमांकावरून कंपनीकडे तपासता येते.

डीलर दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या आश्वासनांत ती सहज निघून जाते.