भाऊबीजेनंतरची सुट्टी

ब्रिस्टल,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल पाडव्याच्या फोनवर आई, तू "याही वर्षी राहिलंच" एवढंच म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबांनी थंडी किती पडलीय ते विचारलं. मला ते तीन शब्द रात्रभर पुरले. म्हणून आज ओवाळणी आटोपून, मुलं झोपल्यावर लिहायला बसले आहे. फोनवर माझा गळा आधी भरून येतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

आम्ही दिवाळीला का आलो नाही, ते आधी सांगते. इथल्या शाळांना दिवाळीची सुट्टी नसते. ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा मिळतो, त्याला हाफ टर्म म्हणतात, बस. दादूची शाळा रीतसर सुरू झाल्यापासून वाटेल तेव्हा उठून साताऱ्याला येणं संपलं. परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडवली की आई आणि वडील दोघांनाही दंड लागू शकतो, एकेका मुलामागे प्रत्येकी ८० पाउंड, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दंडाचं एक वेळ सोडा. नेमक्या हाफ टर्मच्याच आठवड्यात विमानाची तिकिटं अशी चढतात की चौघांचा आकडा बघून मी लॅपटॉप मिटला. त्यातही दोन दिवस प्रवासात, तीन दिवस मुलांची झोप ताळ्यावर येण्यात गेले असते. तुमच्या वाट्याला काय आलं असतं? पेंगुळलेली, किरकिरी नातवंडं आणि निघायची घाई.

यंदा तर सुट्टी २८ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, म्हणजे वसुबारस ते लक्ष्मीपूजन, तंतोतंत. कालनिर्णय आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. सुट्टी आणि दिवाळी एकाच आठवड्यात, आणि आम्ही इथे.

त्या हळहळीपोटी मी एक चूक केली. मुलांना इतकी भरगच्च सुट्टी द्यायची की साताऱ्याची आठवण कुणाला व्हायला नको, असं मनाशी घेतलं. सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारीच नदीपलीकडच्या फॉरेस्ट ऑफ डीन नावाच्या जुन्या जंगलात तीन दिवसांसाठी घर घेतलं आणि वहीच्या एका पानावर सहा ठिकाणं वेळेसकट लिहून काढली. पहिल्याच रात्री त्या घराचा बॉयलर बंद पडला. घरमालकाचा फोन लागेना. धाकटी शिंकायला लागली, तेव्हा चौघं एका पलंगावर कोट घालून झोपलो. त्याच रात्री इथली घड्याळं तासभर मागे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मुलांच्या पोटाला घड्याळ कुठलं कळतंय! सहाला उठणारी दोघं पाचला उठून बसली, बाहेर मिट्ट काळोख आणि धो धो पाऊस.

तरी मी हट्टाने निघाले. सायमंड्स यॅटला कड्यावरून वाय नदीचं वळण दिसतं म्हणतात, आम्हाला नुसतं धुकं दिसलं. धाकटी गाडीतून उतरेना. तिसऱ्या ठिकाणी वाहनतळाच्या कडेला एक चर होता, गुडघाभर पानांनी भरलेला. दादू त्यात उतरला आणि हातांनी पानं वर फेकायला लागला. मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं. "चला, चला, उशीर होतोय!" असं मी ओरडले, बाबा, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. एसटी स्टँडवरच्या माइकवरचा तुमचा आवाज. मुंबई-पुण्याची गर्दी, जादा गाड्या, फलाट क्रमांक, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.

मग गाडीत बसून मी रडले. तुमच्या जावयांनी काही न बोलता गाडी घराच्या रस्त्याला लावली. तिसरा दिवस आम्ही सोडून दिला.

परतताना माझ्या डोक्यात एकच होतं. बाबा, तुमची दिवाळी दर वर्षी स्टँडवरच गेली. सगळं गाव सुट्टीवर, आणि तुम्ही त्या गावाला गाडीत बसवून देणार. भाऊबीजेची परतीची गर्दी ओसरली की तुम्हाला दोन दिवस रजा मिळायची, आणि आमची खरी सुट्टी तेव्हा सुरू व्हायची. महाबळेश्वर नाही की पाचगणी नाही. डबा घेऊन यवतेश्वराचा चढ चढायचा, फार तर पुढे कासच्या तळ्यापर्यंत एसटीने. फुलांचा बहर तोवर संपलेला, गवत वाळून पिवळं पडलेलं. पण वाटेच्या कडेला तेरड्याच्या फुगलेल्या शेंगा असायच्या. तुम्ही माझं बोट धरून एका शेंगेवर टेकवलंत, ती टचकन फुटली आणि बी हाताला चाटून उडालं. मग मी आणि दादा तासभर शेंगाच फोडत बसलो. तुम्ही दगडावर बसून होतात. आठवडाभर माइकवर लोकांना "चला, लवकर चला" म्हणणाऱ्या माणसाने त्या दोन दिवसांत आम्हाला एकदाही "चला" म्हटलं नाही. मी हे इतकी वर्षं पाहिलं होतं, पण मला ते दिसलं नव्हतं.

मंगळवारी मी वहीचं ते पान फाडून टाकलं. एकाच ठिकाणी गेलो, घरापासून पाऊण तासावर, वेस्टनबर्टला. रॉबर्ट होलफर्ड नावाच्या श्रीमंत माणसाने १८२९ पासून तिथे जगभरची झाडं आणून लावली. आता ते सरकारी वनखात्याकडे आहे, जवळजवळ १५,००० झाडं, अडीच हजार जातींची. जपानी मेपलचा एक भाग तर असा लाल असतो की खाली उभ्या माणसांचे चेहरेही तांबूस दिसतात. लोक त्याचेच फोटो काढतात. आमची मुलं मात्र तिथे थांबली नाहीत. धाकटी वाटेत एकदम उभी राहिली, नाक वर करून म्हणाली, "चिक्की!"

आई, खरंच चिक्कीचा वास होता. तू लोखंडी कढईत गूळ-साखरेचा पाक करतेस आणि तो जरासा पुढे जातो ना, अगदी तो. कुणी काही तळतंय का म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर कुणीच नाही. ते एक झाड होतं, कात्सुरा नावाचं, मूळ जपान-चीनकडचं. फांद्या जवळजवळ मोकळ्या झाल्या होत्या, पानं सगळी खाली. आपट्याच्या पानाला मधली चीर नसती तर जसं दिसेल तसं छोटं बदामी पान, पिवळं, कडेला तपकिरी. वास त्या पडलेल्या पानांचा. पान सुकताना त्यात माल्टॉल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि साखर करपवली की नेमकं तेच तयार होतं. धाकटीने एक पान चाटूनही पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दादूने पानांचा ढीग केला, त्यात झोपला, बहिणीला अंगावर पानं ओतायला लावली. मी पिशवी टेकवून ओंडक्यावर बसले. दोन तास. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं विचारलं तर दोघं एका सुरात, "चिक्कीच्या झाडाकडे." गेलो, आणखी काय करणार!

वाटेत हॉर्स चेस्टनटच्या झाडाखालून दादूने खिसे भरून बिया आणल्या. चिंचोक्याच्या रंगाच्या, पॉलिश केल्यासारख्या, सुपारीहून मोठ्या. खायच्या नसतात. इथली मुलं त्यांना भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकमेकांच्या बीवर आपटून फोडायचा खेळ खेळतात. मी मात्र त्यातल्या पाच निवडून स्वयंपाकघरात फतकल मारून बसले आणि त्यांना तुझे सागरगोटे शिकवले. माझा हात अजून चालतो, दुहेरीपर्यंत. पुढचं मला येत नाही, ते तू शिकवायचंस.

किल्लाही केला. मागच्या दाराशी, चिखल भरपूर, अजिंक्यताऱ्यासारखा लांबट, सपाट माथ्याचा. हळीव पेरायला उशीर झाला म्हणून मी खट्टू झाले होते, तर दादू खिडकीतली बशी घेऊन आला. इथे लहान मुलांना ओल्या कापसावर क्रेस नावाचं बी उगवायला लावतात, शाळेतही, घरीही. त्याने सुट्टीआधीच पेरलं होतं, बोटभर वर आलेलं. ते पान मी तोंडात टाकलं आणि चकित झाले. क्रेस म्हणजे आपलं हळीवच की! त्याने ते कापसासकट उचललं आणि तटबंदीवर बसवलं. लक्ष्मीपूजनाला पणती लावली तेव्हा त्या हिरव्याची सावली भिंतीवर पडली होती.

नरकचतुर्दशी ३१ तारखेला, आणि इथला हॅलोविनही त्याच संध्याकाळी. पहाटेच्या अंघोळीची इथे अडचणच नाही, सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. तू पाठवलेलं उटणं लावलं. कारीट कुठलं मिळायला? शेजारच्या झाडाखाली पडलेलं लिंबाएवढं रानटी, आंबट सफरचंद दोघांनी डाव्या अंगठ्याने चिरडलं. संध्याकाळी दाराशी कोरलेला भोपळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पणत्या. भोपळ्याच्या गराचे घारगे केले, पण हा कोरायचा भोपळा पाणचट असतो, कणीक खात सुटला. चवीला बरे झाले.

आता मुद्द्याचं. मागच्या खेपेला तुम्ही जूनमध्ये आलात. मुलं शाळेत, आम्ही कामावर, आणि तुम्ही दोघं चार भिंतींत टीव्ही बघत बसलात. ती चूक माझी होती. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, भाऊबीज २३ ला, आणि मुलांची सुट्टी २७ पासून. दिवाळी तिकडे नीट करा, बाबांना ओवाळून घेऊ दे आत्याला, आणि मग निघा. तिकिटं आम्ही काढतो. आम्ही दोघंही तो आठवडा रजा टाकतो आहोत, ते ठरलं आहे.

बाबा, गुडघ्याचं कारण सांगू नका. वेस्टनबर्टला झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा लाकडी पूल आहे, जवळजवळ ३०० मीटर, एकही पायरी नाही, चाकाची खुर्चीही जाते. आणि नोव्हेंबर उजाडल्यावर स्लिमब्रिजच्या पाणथळीत बेविक जातीचे हंस उतरतात, थेट उत्तर रशियाच्या टुंड्रातून. प्रत्येकाच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी वेगळी असते, त्यावरून तिथली माणसं १९६४ पासून एकेका हंसाला ओळखतात. त्या वर्षीची पिल्लं आईबापांबरोबरच उडत येतात, वाट त्यांच्याकडूनच शिकतात. तुम्ही आम्हाला मायणीच्या तलावावर पहाटे नेलं होतंत, तसं या दोघांना न्या. मी मागे थर्मास घेऊन उभी राहीन.

आई, थंडीची काळजी करू नकोस, कोट इथे आहेत. दिवस मात्र लहान असतो, पावणेपाचला अंधारतं. तेवढ्यात घरी येऊन तू सागरगोटे खेळायचेस. आणि हो, घड्याळ बदललं आहे. तुमच्या रात्री नऊच्या फोनला आता आमचे साडेतीन वाजलेले असतात. शाळा सुटण्याची वेळ, म्हणून उचलला जात नाही. दहाला करा.

याचं उत्तर फोनवर नको. बाबा, एका कार्डावर तुमच्या त्या ड्यूटीशीटच्या अक्षरात लिहून पाठवा: सातारा सुटण्याची तारीख, ब्रिस्टलला पोहोचण्याची तारीख. दादूने फ्रिजवर जागा मोकळी करून ठेवली आहे.

तुमची,
सुमी