लो-कार्ब डाएटबद्दल लिहिताना घरातल्या दोघांसाठी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लो-कार्ब डाएटवर, म्हणजे भात, पोळी, साखर यांतले कार्ब (कार्बोहायड्रेट) कमी करायच्या जेवणावर, आपल्या पेपरात आणि इतरही सगळीकडे वरचेवर लेख येतात, मी ते मन लावून वाचते, पण ते सगळे एकट्या माणसासाठी लिहिलेले असतात. किती ग्रॅम कार्ब खायचे, काय टाळायचं, वजन किती उतरेल, झालं. घरात स्वयंपाक एकच होतो आणि जेवायला निदान दोघं बसतात, त्या दोघांची शरीरं, औषधं आणि वयं सारखी नसतात, याबद्दल कुणी लिहितच नाही, म्हणून हे पत्र. मी आणि माझा नवरा हे डाएट बऱ्याच काळापासून घरी मिळून करतोय. त्याला टाइप टू डायबेटीस आहे, मला नाही, आणि या एका फरकाने किती गोष्टी बदलतात ते वाचकांपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी चांगलं सांगते. दोघांनी मिळून केलं की जमतं, आणि हा फक्त आमचा अनुभव नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या ३,७२२ जोडप्यांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात सिगरेट सोडणं, व्यायाम सुरू करणं, वजन कमी करणं हे सगळं जोडीदारानेही त्याच वेळी केलं तर जमण्याची शक्यता बरीच जास्त दिसली, अगदी जोडीदार आधीपासूनच चांगल्या सवयीचा असण्यापेक्षाही जास्त. का ते घरी करून बघितलं की कळतं. बिस्किटं आणि गोड पेयं घरात आणायचीच नाहीत असं दोघांचं ठरलं की रात्री मन आवरायचा प्रश्नच फारसा येत नाही, आणि एकाने भाताचा डोंगर वाढून घ्यायचा आणि दुसऱ्याने समोर बसून कोबी खायचा असं रोज रोज कुणाला जमणार?

पण "दोघांनी मिळून" म्हणजे दोघांनी सगळं सारखंच करायचं असं नाही, इथेच लोक फसतात आणि काही वेळा ते जिवावरही बेतू शकतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधांची. कार्ब कमी झाले की जेवणानंतरची शुगर कमी चढते, गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस मात्र जुन्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, ताटात भात असो नाहीतर नुसतं ऑम्लेट, आणि मग शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या चालू असताना कार्ब अगदीच कमी केले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढून कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, होण्याचा धोका असतो. यातली वाईट गोष्ट म्हणजे तेव्हा मीटरवर शुगर फार वाढलेली दिसेलच असं नाही, त्यामुळे उलट्या, पोटदुखी, धाप लागणं याला माणूस ॲसिडिटी समजून घरीच बसतो. बीपीच्या गोळ्यांचंही तेच, या डाएटमध्ये सुरुवातीला शरीरातलं मीठ आणि पाणी बाहेर पडतं आणि जुन्या डोसवर बीपी गरजेपेक्षा खाली येऊ शकतं. आमच्याकडे डॉक्टरांनी डाएट सुरू व्हायच्या आधीच नवऱ्याची एक गोळी कमी केली, शुगर कुठल्या कुठल्या वेळी तपासायची ते लिहून दिलं, आणि मगच आम्ही जेवण बदललं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जिला डायबेटीस नाही अशी बायको उत्साहाने घरातलं सगळं बदलून टाकते आणि नवरा जुन्याच गोळ्या घेत राहतो, किंवा याच्या उलट, असं किती घरांत होत असेल! गरोदर असलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईने तर नवऱ्याला साथ म्हणून कार्ब अगदी खाली आणूच नयेत, त्या काळात शरीराची गरज वेगळी असते. किडनीचा आजार असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

दुसरी गोष्ट वजनकाट्याची. पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, कार्ब बंद झाले की तो साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जातं. स्नायू जास्त असलेल्या शरीरात हा साठाही जास्त, म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याचा काटा आधी आणि जास्त हलतो. नंतरही फरक राहू शकतो. युरोपातल्या आणि इतर काही देशांतल्या दोन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या प्रीव्ह्यू नावाच्या अभ्यासात (तो लो-कार्बचा नव्हता, कमी कॅलरीचा होता) आठ आठवड्यांच्या त्याच आहारावर पुरुषांचं वजन बायकांपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त उतरलं होतं. हे आधी माहीत नसेल तर बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ती अजून कमी खायला लागते, जे अजिबात करू नये. माझी एक मैत्रीण याच कारणाने निराश होऊन सगळं सोडून बसली, खूप वाईट वाटलं मला. आम्ही काट्यावर आलेले आकडे एकमेकांना सांगत नाही, नवऱ्याचं यश त्याच्या शुगरच्या रिपोर्टमध्ये बघतो आणि माझं कंबरेच्या मापात, आणि त्यामुळे घरातली शांतता खूप टिकली आहे.

आता ताटात काय. लो-कार्ब म्हणजे नक्की किती याबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली असेल तर साधारणपणे लो-कार्ब म्हणतात आणि ५० ग्रॅमच्या खाली गेलं की ते कीटोच्या (शरीर साखरेऐवजी मुख्यतः चरबी जाळायला लागतं अशा डाएटच्या) बाजूला जातं, या दोन्हींत जमीन अस्मानाचा फरक आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, उकडलेल्या बटाट्यात २० च्या आसपास, अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नसतात, एवढं माहीत असलं तरी एकाच स्वयंपाकातून दोन वेगळी ताटं वाढता येतात. आमच्याकडे भाज्या, अंडी, मासे, दही, कडधान्यं हे दोघांना कॉमन असतं आणि भात मी मोजून घेते, नवरा बहुतेक वेळा घेत नाही. फॅटच्या बाबतीत मात्र हात आवरायला हवा, कार्बच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात तर फॅटच्या एका ग्रॅममध्ये ९, त्यामुळे "कार्ब नाहीत ना मग कितीही खा" हे चूक आहे. आणि कार्बच्या जागी काय येतं यालाही अर्थ आहे. २०१८ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात कार्बच्या जागी मटण चिकन वाढवणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आणि डाळी, दाणे अशा वनस्पतींतून येणारं प्रोटीन आणि फॅट घेणाऱ्यांत कमी. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी आम्ही आमचं ताट त्या बाजूला झुकवलंय. पॅकेटवरच्या "शुगर फ्री" या शब्दांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका, मागे छापलेला टोटल कार्बोहायड्रेटचा आकडा वाचा.

अजून एक, आणि हे खास पुरुष वाचकांसाठी. डाएट दोघांचं आणि भाज्या चिरायचं काम एकीचं असं चालणार नाही. तयार ब्रेड किंवा नुसता भात लावून वेळ निघून जायचा, ते बंद झालं की चिरणं, निवडणं, परतणं, डबे भरणं हे काम खूप वाढतं, आणि ते सगळं एकाच माणसावर पडलं तर डाएट तिथेच कोलमडतं, भुकेमुळे नाही तर थकव्यामुळे. नवरा आता रात्री दुसऱ्या दिवसाच्या भाज्या चिरून ठेवतो, उद्या कुणाला काय लागणार ते आदल्या रात्रीच बोलून होतं, आणि माझं निम्मं ओझं खरंच उतरलंय. घरात मुलं असतील तर त्यांच्या ताटाला हात लावू नये, वाढत्या वयात त्यांना भात, फळं हे सगळं हवंच असतं.

जोडीदारावर पाळत ठेवणं हेही तितकंच घातक. एकाने लग्नात गोड खाल्लं तर दुसऱ्याने चारचौघांत टोकू नये. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ लोकांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात लो-कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो आणि लो-फॅटवाल्यांचं ५.३ किलो वजन कमी झालं, म्हणजे म्हणावा असा फरक नाहीच. मला तर हे वाचून फार धीर आला होता, कारण उद्या दोघांपैकी एकाला हे झेपेनासं झालं तर त्याने दुसऱ्या कुठल्या चांगल्या पद्धतीने जेवावं आणि दुसऱ्याने आपलं चालू ठेवावं, त्यात भांडण्यासारखं काही नाही.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की यापुढे कुठल्याही डाएटवर लेख छापताना डायबेटीस आणि बीपीच्या औषधांबद्दलची सूचना लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात नको, सुरुवातीलाच ठळक छापा, आणि एकदा तरी एखाद्या आहारतज्ज्ञाकडून आणि डायबेटीसच्या डॉक्टरांकडून मिळून असा लेख लिहून घ्या ज्यात गोळ्या घेणारा एक आणि न घेणारा एक अशा दोघांच्या जेवणाचा आठवडाभराचा तक्ता शेजारी शेजारी दिलेला असेल.

आपली,
एक नियमित वाचक