इफ्तारचा फोटो ठीक आहे, पण त्यानंतर काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर रमझानला पेपरात एक फोटो येतोच, तसा यंदा आपल्याकडेही आला. फादर, मौलाना, मध्ये एक पुढारी, समोर खजुराची प्लेट आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. नाताळात पुन्हा तोच फोटो, फक्त खजुराच्या जागी केक. माझा त्याला विरोध नाही, न येण्यापेक्षा आलेला बरा, पण मी जन्माने मराठी ख्रिश्चन, चाळीस वर्षं घोरपडीत राहते, आणि मला दरवेळी वाटतं की फोटोवाला गेल्यावर ही मंडळी एकमेकांशी बोलतात तरी काय. बहुतेक बिर्याणी छान झाली होती एवढंच.

आमच्यात मिशन हा घरचा शब्द आहे. मिशन कंपाउंड, मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा. माझी आजी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या बोर्डिंगात राहिली म्हणून तिला वाचता यायला लागलं. पण हाच शब्द मुसलमान शेजाऱ्यासमोर काढा, लगेच चेहऱ्यावर दिसतं की आता ही बाई पर्समधून धर्मप्रचाराची पुस्तिका काढणार. आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही कारण आमच्या लोकांनी काढलेल्या आहेतच. हेन्री मार्टिन नावाचे एक पाळक १८०६ ला कलकत्त्याला आले, त्यांनी बायबलचा नवा करार उर्दूत आणि फारसीत आणला आणि १८१२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, परत जाताना वाटेत तुर्कस्तानात वारले. त्यांच्या नावाने १९३० ला लाहोरमध्ये एक संस्था निघाली, हेतू सरळ होता, मिशनरींना इस्लाम नीट शिकवायचा म्हणजे मुसलमानांना येशूची सुवार्ता सांगायला सोपं जाईल. तीच संस्था आज हैदराबादला आहे आणि काम काय करते तर दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवते, जुन्या शहरात दंगलीची झळ बसलेल्या वस्त्यांमध्ये शिवणकाम, शाळा असली कामं तिने केली. शिकवायचं म्हणून निघाले होते आणि शिकत बसले. मला हे मिशन पटतं.

आता माझं सांगते. मी निवृत्त नर्स, बरीच नोकरी डिलिव्हरी वॉर्डात झाली. शेजारच्या भाभी आणि मी एकमेकींकडे डबे देतो घेतो त्याला वीस वर्षं तरी झाली असतील, पण धर्मावर अक्षर नाही, कशाला उगाच म्हणून. त्यांचा जावई मदरशात शिकवतो, मी पण त्याला जावईबापूच म्हणते. एका नाताळात तो सहज बोलून गेला की सिस्टर, कुराणात नावाने उल्लेख असलेली बाई एकच आहे आणि ती तुमची मरियम, येशूची आई. मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं संडे स्कूल घेतलं मी आणि हे माहीत नाही, लाज वाटली. मग ठरवलं, महिन्यातून एकदा त्याने मरियमची सूरा, म्हणजे कुराणातला तिच्या नावाचा अध्याय, वाचायची, मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय, माझ्या किचनमध्ये, भाभी मध्ये बसणार.

आमच्याकडे देवदूत गब्रीएल, त्यांच्याकडे जिब्रील. आमचा जखऱ्या तो त्यांचा झकरिया. इथपर्यंत मजा मजा. पण एका जागी मी थांबलेच. लूकमध्ये मरीयेने बाळाला जन्म दिला, बाळंत्यांनी गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, संपलं, कळांबद्दल एक शब्द नाही. कुराणात मात्र ती एकटी आहे, कळा येतायत, खजुराच्या खोडाला टेकलीय आणि म्हणते याच्याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. हे वाक्य मी वॉर्डात किती बायकांच्या तोंडून ऐकलंय, हिंदू मुसलमान ख्रिश्चन सगळ्या. आणि मग तिला सांगितलं जातं की घाबरू नको, खोड हलव, ताजे खजूर खा, पाणी पी. भाभी म्हणाल्या, "देखा, आपकी मरियम को भी पहले खजूर ही दिए!" त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही, आम्ही बाळंतपणाच्या गप्पाच मारल्या.

पण सगळे धर्म शेवटी सारखेच असं जे म्हणतात ना त्यांच्याशी माझं जमत नाही. सारखे नाहीत. गुड फ्रायडेच्या आधी आम्ही क्रूसावर आलो आणि जावईबापूंनी स्पष्ट सांगितलं, कुराण म्हणतं येशूंना मारलं नाही आणि क्रूसावरही दिलं नाही. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. क्रूसच काढला तर माझ्या विश्वासात उरतं काय? त्यालाही माझं येशू देवाचा पुत्र हे म्हणणं तितकंच लागत असणार. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी चहा ठेवला. पुढच्या महिन्यात तो आला, मला वाटलं होतं येणार नाही. तेव्हा त्याने हबशाच्या, म्हणजे आताच्या इथिओपियाकडच्या, ख्रिस्ती राजाची गोष्ट सांगितली, मक्केतून छळामुळे पळालेल्या मुसलमानांना त्या राजाने आसरा दिला, आणि परंपरा सांगते की त्याच्या दरबारात हीच मरियमची सूरा वाचली गेली आणि राजा रडला.

वरच्या लोकांचं म्हणाल तर १९६५ ला व्हॅटिकनने मुसलमानांबद्दल आदर आहे असं लेखी दिलं, २०१९ ला अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या बड्या इमामांनी बंधुत्वाच्या कागदावर सह्या केल्या. छान झालं. ते कागद घोरपडीपर्यंत आलेले नाहीत. मी एका चर्चच्या कारभार बघणाऱ्या पंच कमिटीकडे महिन्यातून दोन तास हॉल मागितला तर उत्तर आलं आधी त्यांना प्रभू कळू दे मग चहा पाजा. तिकडे जावईबापूंनाही एकाने ऐकवलं, ये बाई तुमको ईसाई बनाएगी. म्हणजे निदान या बाबतीत दोन्ही समाजांचं एकमत आहे!

आणि हे पुण्यात. जिथे पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी क्वार्टर गेटजवळ चर्चला जागा दिली, १७९२ साली. नगर रोडला पेपल सेमिनरी आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, देशभरातली मुलं पाळक आणि फादर व्हायला इथे येतात. बिबवेवाडीहून मुसलमान वस्तीचा कोंढवा किती लांब आहे हो? रिक्षाचं भाडं तेवढं. पाळक होणाऱ्या मुलांनी आणि मदरशातल्या मुलांनी वर्षातून चार वेळा तरी एकत्र बसावं, वाद घालावा, जेवावं आणि एखादं काम एकत्र करावं, ससून हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना डबे वाटणं वगैरे, तिथे कोणी धर्म विचारत नाही.

आपल्या पेपरलाही एक विनंती. फोटो छापाच, पण पुढच्या वेळी बातमीदाराला जरा थांबायला सांगा आणि ते काय बोलले तेही छापा, भांडले असतील तर तेही. आमच्याकडे यायचं असेल तर या महिन्यात नको, भाभींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढवत नाही त्यांना, त्यामुळे वाचन त्यांच्या पलंगाशी चालू आहे आणि तिथे खुर्च्या दोनच आहेत.

आपली,
एक निवृत्त नर्स,
घोरपडी, पुणे