तालमीला जागा कोण देणार?

मा. संपादक, स. न. वि. वि.

करोनामुळे बंद असलेली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या प्रेक्षकांसाठी उघडणार हे जाहीर झालं, तसे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नारळ-अगरबत्तीचे फोटो पडू लागले. आनंद मलाही झाला. पण हौशी मंडळींचं नाटक उभं राहायला निदान महिना-दीड महिना तालीम लागते. ती करायची कुठे?

आमचा सांगलीतला आठ जणांचा संच. सगळे नोकरदार, त्यामुळे तालीम रात्री साडेआठनंतर. टाळेबंदीपूर्वी एका शाळेतला वर्ग मिळायचा. बाकं मागे सारायची, खडूने रंगमंच आखायचा, निघताना फरशी पुसून बाकं पुन्हा जागच्या जागी. शाळा ४ ऑक्टोबरला भरल्या म्हणून विचारायला गेलो, तर ‘तालमीच्या परवानगीचा कागद दाखवा’ म्हणाले. तो आमच्याकडे नव्हता. मुख्याध्यापकांना दोष देववत नाही. उद्या कुणी आजारी पडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार.

मधल्या काळात झूमवर वाचनं केली. पाठांतर झालं, पण आवाज उशिरा पोचायचा आणि विनोदी जागा एकेक करून मरायच्या. मग एकाच्या गच्चीवर मास्क लावून प्रवेश बसवायला घेतले. दहा मिनिटांत मास्क ओला, शब्द नाकातून, आणि विसरलेलं वाक्य हळूच सुचवणारा प्रॉम्प्टर काय कुजबुजतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक! नाटकात नवरा-बायकोचं भांडण आहे. त्यात तो तिचं मनगट धरतो. आम्ही ते सहा फुटांवरून, ‘इथे मी हात धरतो’ असं तोंडाने म्हणत बसवलं. आता सगळ्यांच्या दोन्ही लशी झाल्यात, तरी खरोखर मनगट धरायची वेळ आली की दोघंही बिचकतात. ही भीड मोडायला रोज समोरासमोर उभं राहण्याला पर्याय नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनुसार बंदिस्त मंगल कार्यालयात शंभर वऱ्हाडी चालतात. मग लस घेतलेल्या दहा-बारा कलाकारांना, वहीत नावं लिहून, एखादी खोली द्यायला प्रशासनाने लेखी परवानगी का देऊ नये? पालिकांच्या नाट्यगृहांत प्रयोग नसेल त्या दिवशी मोकळा रंगमंच नाममात्र भाड्याने दिला तरी काम होईल. वातानुकूलन नको, स्पॉटलाइट नकोत, दोन ट्यूबलाइट पुरे. निम्म्या तिकिटांत आधीच खर्च निघायचा नाही, त्यात तालमीला खासगी हॉल घेणं आमच्यासारख्यांना झेपणारं नाही.

यंदा, २०२१ मध्ये, दिवाळीचा पाडवा आणि मराठी रंगभूमी दिन एकाच दिवशी, ५ नोव्हेंबरला आले आहेत. १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक रंगवलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी खुद्द संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. आमचं मागणं रात्रीच्या अडीच तासांचं आहे. पंखा नसला तरी चालेल, खिडक्या मात्र उघडणाऱ्या हव्यात.

– एक हौशी रंगकर्मी, सांगली